चौथ्या ओळीचं माप

शिवडीची रात्रशाळा, दुसरा मजला,
साडेआठचा तास.
दोन ट्यूबलाइट, त्यातली एक फडफडणारी.
फळ्यावर मी चार ओळी लिहिते. कवीचं नाव नाही,
पुस्तकातही नाही, खाली नुसतं ‘संकलित’.

  पाणी गेले, चिखल राहिला
  चिखलावरती ठसा राहिला
  ठसा भरूनी पाणी आले
  पाणी आले, बगळा कुठे

ऱ्हस्वाला एक, दीर्घाला दोन, मी म्हणते,
आणि बाकांवर बोटं वाजायला लागतात.
चि-ख-ल तीन. रा-हि-ला पाच.
गौतमी बनसोडे दिवसभर काजाबटण करते,
तिची बोटं सगळ्यांच्या पुढे.
आठ आणि आठ, बाई. सोळा.
दुसरी? सोळा.
तिसरीत अडते : ‘भरूनी’ असं कोण बोलतं?
कोणी नाही. आपण ‘भरून’ म्हणतो.
‘न’चा ‘नी’ करून एक मात्रा उसनी घेतलीय,
कवितेत चालतं. वाण्याकडे चालत नाही.

मग यमक.
‘राहिला’ला ‘राहिला’. हे यमक कसं,
मेहरुन्निसा विचारते, तोच शब्द तर परत आलाय.
माझ्याकडे उत्तर आहे, बी.एड.ला पाठ केलेलं,
पण खिडकीतून ओहोटीचा वास येतो,
तिवराच्या मुळांचा, थोडा डिझेलचा,
आणि मी भलतंच बोलून जाते :
राहिलेल्याला जोडीचा शब्द मिळत नाही गं,
तोच पुन्हा म्हणावा लागतो.
(हे परीक्षेत लिहू नका.)

पुनरुक्ती मोजू.
पाणी तीनदा. चिखल दोनदा. ठसा दोनदा.
एका ओळीचं शेपूट धरून दुसरी येते,
चिखलातून चालताना मागचा
पुढच्याच्या पावलात पाऊल टाकतो तशी.
आता बगळा मोजा.
एकदा.
तोही नसताना.

इकलाख मागच्या बाकावर. दारूखान्यात
भंगाराच्या वखारीत काटा सांभाळतो,
इथे बहुतेक झोपतो.
डोळे न उघडताच म्हणाला,
बाई, शेवटच्या ओळीत माप मारलंय.
ब-ग-ळा चार, कु-ठे तीन.
पंधराच भरतात.

आम्ही गाइड उघडलं.
गाइडमध्ये ‘कोठे’ छापलेलं.
को-ठे चार. सोळा पुऱ्या.
कुण्या सज्जनाने ओळ दुरुस्त करून टाकली होती.
दोन्ही वाचल्या, मोठ्याने, आळीपाळीने.
बगळा कोठे :
चौकशीच्या खिडकीवर विचारल्यासारखं.
बगळा कुठे :
अंधारात जिना उतरताना
शेवटची पायरी आहे असं वाटतं, आणि नसते.
मेहरुन्निसा म्हणाली, हीच.
इकलाख हिशेबाला पक्का : तिसरीत एक उसनी,
चौथीत एक कमी, खातं जुळतं की.
गौतमी म्हणाली, छापखान्याची चूक असेल हो बाई,
आमच्याकडे पण एखादं काज राहून जातं.
असेलही.

प्रश्न चार गुणांचा आहे :
कवितेतील निसर्गचित्रण स्पष्ट करा.
पाऊण तास झाला, निसर्गाबद्दल
कोणी अक्षर काढलेलं नाही.

हजेरी आधी घेते एरवी, आज राहिली.
फळा पुसता पुसता पुकारते.
पंधरा. सोळा.
सतरा म्हणजे दयाराम घोणे, गोदीत हमाली करायचा,
दिवाळीनंतर आलेला नाही.
मोबाइल लागत नाही. खोली बदललीय म्हणतात.
नाव कापा, मुख्याध्यापक दोनदा म्हणाले.
सतरा, मी म्हणते.
मागच्या बाकावर बोट वाजतं,
एकदाच.
अठरा.